पाण्यावरची सही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मनोगताच्या कार्यक्रमातील भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला 'परदेश प्रवासातला एक अनुभव' असा विषय दिला आहे आणि वेळ दिली आहे पंधरा मिनिटे. मागे मसाला दूध आटतंय, त्याचा वास मलाही येतोय. बँकेतल्या माणसाचं घड्याळ असतं, तेव्हा काळजी करू नका.

आम्ही तुर्कस्तानला जाऊन आलो त्याला आता दोन वर्षं झाली. मुलगा आणि सून पुण्याहून, आम्ही दोघं जामनेरहून. सौ.नी बॅगेत शेंगदाण्याची चटणी, बिबडे आणि मेथीचे ठेपले भरले होते. मुंबईहून विमान सुटलं की साधारण सात तासांत इस्तंबूल येतं. तिथल्या मोठमोठ्या मशिदी, राजवाडा, बॉस्फरसची सामुद्रधुनी, हे सगळं मी सांगत बसणार नाही. ते फोटो आम्ही ग्रुपवर टाकले होते आणि तुम्ही त्यांना अंगठेही दाखवले होते. मला सांगायचं आहे ते तिथल्या एका दुपारच्या तीन तासांबद्दल. पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर त्या तीन तासांचा अर्थ लागणार नाही.

पाच वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या खजिनदारपदाचा राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं 'वैयक्तिक'. त्यावर आपल्याकडे बरेच तर्क झाले. पाण्याच्या टाकीच्या बिलावरून माझं आणि त्या वेळच्या सेक्रेटरींचं वाजलं, असं बरेच जण म्हणत होते. ते बिचारे चार महिने माझ्याशी बोलताना अवघडत होते. आज पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायचा दिवस आहे, म्हणून ही नोंद दुरुस्त करतो. भांडण कुठलंही झालं नव्हतं. माझा उजवा हात थरथरायला लागला होता.

सोसायटीचा एक चेक परत आला. कारण : सही जुळत नाही. सेक्रेटरींची जुळत होती, माझी नव्हती. त्यांनी नवा चेक पुढे केला, मी सही केली, तोही परत आला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा कंपवात नाही, वयाबरोबर काही जणांना होणारी थरथर आहे, जीवाला धोका नाही. हे ऐकून घरच्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. सही म्हणजे माझा चेहरा होता. मी कोणाला काही न सांगता राजीनामा दिला. सभेला यायचो, पण चहाचा कप उचलायचो नाही. 'ॲसिडिटी आहे' म्हणायचो. तुमच्यातल्या किती जणांनी मला पाच वर्षांत चहा पिताना पाहिलंय, आठवून बघा.

यात आणखी एक टोचणी होती. मी पासिंग ऑफिसर असताना एका गावच्या शाखेत एक म्हातारा शेतकरी पैसे काढायला आला. कपाशी विकून आलेले पैसे होते. मी स्पेसिमेन कार्ड काढलं, सही ताडून पाहिली, जुळेना. कार्डावरची सही वीस वर्षांपूर्वीची होती. तो म्हणाला, "साहेब, मी मीच आहे ना." मी म्हणालो, "बाबा, ते मला कळतं, कार्डाला कळत नाही. उद्या ओळखीचा खातेदार घेऊन या." तो काही न बोलता गेला. नियमाने मी बरोबर होतो. पण समोर बसवून, दुसरी सही घेऊन, ओळख पटवून त्याच दिवशी पैसे देता आले असते, हेही मला माहीत होतं. माझा चेक परत आला त्या दिवशी पहिला आठवला तो हाच माणूस.

आता इस्तंबूलला जाऊ.

सुनेने आमच्यासाठी एका दुपारी 'एब्रू'चा वर्ग ठरवला होता. एब्रू म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून त्याचा ठसा कागदावर घेण्याची तिथली जुनी कला. २०१४ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आयासोफियाच्या शेजारी मिमार सिनान या प्रसिद्ध वास्तुकाराने १५५९ साली बांधलेला जाफर आगा मदरसा आहे, तिथे आता असल्या पारंपरिक कलांचे वर्ग चालतात. आमचा वर्ग त्याच भागातल्या एका गल्लीत, एका छोट्या खोलीत होता. मी सुनेला म्हटलं, "तुम्ही तिघं करा, मी बाहेर बाकावर बसतो." ती म्हणाली, "बाबा, चौघांचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत." हा मुद्दा बँकेच्या माणसाला पटतोच. मी आत गेलो.

शिकवणाऱ्या बाई साधारण पन्नाशीच्या. त्यांना सगळे 'होजा' म्हणत होते, म्हणजे गुरुजी. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, बाकीचं हातवाऱ्यांनी. टेबलावर चार पसरट चौकोनी तबकं होती आणि त्यांत पाणी. हात लावला तर पाणी नव्हे, पातळ पेजेसारखं काहीतरी. ते डिंकाने दाट केलेलं पाणी. त्या डिंकाला तिकडे 'कित्रे' म्हणतात. सौ. लगेच म्हणाल्या, "अहो, हा आपला कतीरा, उन्हाळ्यात सरबतात घालतो तो." नाव ऐकून मलाही तसंच वाटलं. हल्ली पुष्कळ जण समुद्री शेवाळाची पूड वापरतात.

रंग मातीचे आणि खनिजांचे. संगमरवरी फरशीवर दगडी बत्त्याने तासन्‌तास घोटलेले. काळा रंग काजळीचा. निळा नीळीचा, आणि त्याचं तिकडचं नाव ऐकून आम्ही चकित झालो : 'लाहोर चिविदी', म्हणजे लाहोरची नीळ. आपल्या बाजूचा माल तिकडे नावासकट पोचलेला. जुना पिवळा म्हणजे हरताळ. आपल्याकडे पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ फासत, त्यावरून 'हरताळ फासणे' आलं. आपण ज्याने अक्षर पुसलं त्याच मातीने त्यांनी फुलं रंगवली.

रंग तरंगावा आणि पसरावा म्हणून त्यात थोडं बैलाचं पित्त घालतात. हे कळल्यावर सौ.नी हात मागे घेतला. आमच्या घरात माळ आहे. होजाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी हसत दुसऱ्या बाटल्या काढल्या, हल्ली पित्ताशिवाय चालणारे पर्याय मिळतात म्हणाल्या. कोणाचा कोणावर राग नाही, काम पुढे चालू.

ब्रश गुलाबाच्या काडीला घोड्याच्या शेपटीचे केस बांधून केलेला. तो पाण्याला टेकवायचा नाही. रंगात बुडवायचा, निथळायचा आणि काडी बोटावर हलकेच आपटत तबकावर रंग शिंपडायचा. थेंब पडला की फुलतो. त्यावर दुसरा रंग पडला की पहिला बाजूला सरतो. सरतो पण मिसळत नाही. शेवटच्या रंगात पित्त जास्त लागतं, कारण त्याला आधीच्या सगळ्यांना सरकवून जागा करायची असते. सोसायटीत उशिरा राहायला आलेल्यांना हे सांगायला नको.

माझी पाळी आली. ब्रश धरला आणि हात सुरू झाला. मी डाव्या हाताने मनगट धरायला गेलो तर होजाबाई म्हणाल्या, "सोडा." आणि मंडळी, मला काडी आपटावीच लागली नाही. हात आपला आपण हलत होता आणि रंग धुक्यासारखा बारीक पडत होता. मुलाचे थेंब रुपयाएवढे, माझे मोहरीएवढे. बाईंनी बाकीच्यांना बोलावून माझं तबक दाखवलं. इतक्या वर्षांत त्या हाताचं कोणी कौतुक केलं नव्हतं. मी तर नाहीच.

पण लगेच हुरळून जाऊ नका, कारण पुढे ट्यूलिप काढायचं होतं. तिकडे त्याला 'लाले' म्हणतात. त्या फुलाला तिथे फार मान. जुन्या लिपीत 'लाले' आणि 'अल्लाह' या दोन्ही शब्दांना अक्षरं तीच लागतात. पाण्यावर हुबेहूब फुलं काढायची पद्धत रूढ केली नेजमेद्दीन ओक्याय यांनी. जन्म १८८३, मृत्यू १९७६. हा माणूस सुलेखनकार, तिरंदाज आणि गुलाबांचा शौकीन. त्यांचे शिष्य मुस्तफा दुझगुनमान यांचं उस्कुदार भागात अत्ताराचं दुकान होतं, म्हणजे जडीबुटी, मसाले विकायचं. दुकान सांभाळून त्यांनी ही कला टिकवली. आपल्याकडेही बाजारात अत्तार आहेतच.

फुलासाठी सुईने हिरवा थेंब सोडून खाली ओढला की देठ होतो. लाल थेंब सोडून कडा आत-बाहेर ओढल्या की पाकळ्या. इथे माझ्या हाताने दगा दिला. देठ सरळ जायच्या ऐवजी पी.जे. गाडीसारखा हेलकावे खात गेला. पाकळीची टोकं फाटली. मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "पुसून टाका." पाण्यावर जुना कागद ओढला की सगळं पुसलं जातं, हे मी पाहून ठेवलं होतं. होजाबाई म्हणाल्या, "सुई फार खोल घालताय. वरच्या वर ठेवा. कोपर टेबलावर टेकवा. हात हलला तर हलू द्या." एवढंच. दया नाही, धीर देणं नाही. कोपर टेकवलं, सुई वर घेतली. दुसरं फूल पहिल्यापेक्षा बरं आलं. सरळ मात्र नाही आलं, खोटं कशाला सांगू.

मग कागद. तो एका कडेने सुरू करून हळूहळू टेकवायचा, खाली हवा राहिली की तिथे पांढरा डाग. दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि तबकाच्या काठावरून घासत ओढून घ्यायचा. इथे आमच्या सौ.नी सगळ्यांना मागे टाकलं. ओला कागद त्यांनी दोन्ही हातांवर असा अलगद घेतला की होजाबाईंनी विचारलं, "आधी कुठे शिकलात?" सौ. मराठीतच म्हणाल्या, "खापरावर." सुनेने मोबाईलवर मांड्यांचा व्हिडिओ काढून दाखवला. पुरणाची पोळी हातांवर फिरवत हातभर मोठी करून उलट्या खापरावर टाकणारी आपली बाई पाहून त्या बाई उठून उभ्या राहिल्या. पन्नास वर्षं मी ते मांडे खाल्ले. ते हातांचं कसब आहे, याचा विचार इस्तंबूलला जाऊन केला.

कागद सुकले. होजाबाईंनी प्रत्येकाचा पहिला कागद उलटा करून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "पहिला टाकायचा नाही. मागे तारीख घाला आणि सही करा."

मी पेन घेतलं. तारीख घातली. मग थोडा वेळ थांबलो. सही केली ती वेडीवाकडीच झाली, माझ्या त्या ट्यूलिपच्या देठासारखी. बाईंनी ती बघितली, कागद गुंडाळला, रबर लावलं आणि माझ्या हातात दिला. ताडून बघायला त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. मी समोर बसलो होतो, मी सही केली होती, ती माझी होती. एवढं पुरे होतं.

त्या संध्याकाळी हॉटेलात मला जुनी लेजरं आठवली. १९७४ साली मी बँकेत लागलो तेव्हा जाडजूड लेजरांच्या पुठ्ठ्यांवर आणि पानांच्या कडांवर निळ्या-तांबड्या लाटांची नक्षी असायची. मला वाटायचं शोभेसाठी असेल. तशी नव्हती. कडेवर अखंड नक्षी असली आणि मधलं एखादं पान कोणी फाडलं, तर नक्षी तुटते आणि चोरी उघडी पडते. हा कागद तुर्कस्तानातून युरोपात गेला, म्हणून तिकडे त्याला तुर्की कागदच म्हणत. बँक ऑफ इंग्लंड १६९४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने असल्या नक्षीच्या कागदावर नोटा काढल्या. कल्पना अशी की एका ठशासारखा दुसरा ठसा येत नाही. पण लवकरच नकली नोट सापडली आणि त्या नोटा परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत १७७५ साली बेंजामिन फ्रँकलिनने वीस डॉलरच्या नोटेच्या एका कडेला हीच नक्षी घातली. म्हणजे ज्या कागदाला हात लावून मी नोकरी केली, तो कुठून आला हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आणि हे सगळं केवळ परदेशाचं आहे असंही समजू नका. आपल्या दख्खनमध्ये, विजापूरच्या आदिलशाहीत, सतराव्या शतकात याच कलेची चित्रं झाली. तिला 'अब्री' म्हणत. अब्र म्हणजे फारसीत ढग. तिथल्या कारागिरांनी चित्राचा काही भाग झाकून, उरलेल्या भागावर नक्षी उतरवून, हाडकुळा घोडा आणि त्यावर बसलेला फकीर काढला. तसं एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आदिलशाहीचा संस्थापक युसुफ हा तुर्की सुलतानाचा मुलगा होता, अशी कथा फरिश्ताने लिहून ठेवली आहे. कथा खरी असो नसो, येणं-जाणं होतं. कागद, कलम, दफ्तर, दुकान, हिशेब, साबण, हे आपले शब्द तिकडे थोड्याफार फरकाने ऐकू येतात. हॉटेलात बिल मागायचं तर 'हेसाप' म्हणायचं. ते मला पहिल्या दिवशीच जमलं.

परत आल्यावर मी घरी प्रयोग सुरू केले. पहिल्या दिवशी रंग तळाशी गेला. पाणी पातळ होतं. मग मेथीचे दाणे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घट्ट पाणी केलं, तर रंग तरंगला पण पसरेना. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब रंगात घातला, पसरला. कागदावर घेतला तर नळाखाली सगळा धुऊन गेला. शेवटी पुस्तकात मिळालं की ॲक्रिलिक रंगाला कागद आधी तुरटीच्या पाण्याने पुसून वाळवावा लागतो. तुरटी घरात होतीच. महिनाभर आमच्या घराला मेथीचा वास येत होता. समोरच्या वहिनींनी विचारलं, "लाडू का?" त्यांना आज उत्तर मिळालं.

आता शेवटचं, आणि हे मुख्य आहे.

तिकडून आल्यावर मी माझ्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, "माझी सही बदलली आहे, नवा नमुना घ्या." तिने फॉर्म दिला, ओळखपत्र पाहिलं, तीन सह्या घेतल्या. वीस मिनिटांचं काम. इतकी वर्षं मी ते टाळलं होतं, कारण मागायची लाज वाटत होती. उद्या सही करणंच अशक्य झालं तर अंगठा लावता येतो. वृद्ध, आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत : दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठ्याचा किंवा गरज पडली तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो. आमच्या काळात आम्ही असल्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसायचो. अंगठ्याचा ठसा तरी दोन माणसांचा सारखा येत नाही. हसण्यासारखं त्यात काय होतं, आता कळत नाही.

आपल्या सोसायटीत साठी ओलांडलेले बरेच जण आहेत. कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला नावं आठवत नाहीत. माझ्यासारखे काही जण ॲसिडिटीच्या नावाखाली चहा टाळत असतील. त्यांना विनंती आहे की लपवू नका. लपवलं की लोक टाकीच्या बिलाचा तर्क करतात. ज्यांची सही बदलली आहे त्यांनी माझ्याकडे यावं. अर्ज मी सांगेन, नातू लिहील, आणि बँकेत मी बरोबर येईन. त्या शेतकऱ्याचं देणं मला असंच थोडंथोडं फेडता येईल.

आणि बालसेनेसाठी : येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये मी एब्रूचा वर्ग घेणार आहे. मेथी, तुरटी, रंग माझ्याकडचे. जुने कपडे घालून या. फूल काढायला मी शिकवेन, पण सरळ देठ कसा काढायचा ते तुमचं तुम्ही शोधा. कागद उचलायला काकू शिकवतील.

त्या वेळच्या सेक्रेटरींची मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो. माझ्या मौनाचा भुर्दंड त्यांनी भरला. कार्यक्रमानंतर दोघं मिळून दूध घेऊ. पेला अर्धाच भरा, म्हणजे सांडणार नाही.